अणुऊर्जेत जायचंय? आधी शाखा ठरवा, मग कॉलेज

(बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी आणि पालकांसाठी)

बारावीचा निकाल लागला की प्रवेशाचं मार्गदर्शन करणाऱ्या आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो. तारापूरचं अणुवीज केंद्र जवळ असल्यामुळे पालघर-बोईसरकडून तर जास्तच. 'न्यूक्लिअर इंजिनिअरिंगला कुठलं कॉलेज चांगलं?' आमचं उत्तर ऐकून पालक थोडे हिरमुसतात. पदवीच्या नावात 'न्यूक्लिअर' हवंच, हा हट्ट सोडा, असं आम्ही सांगतो.

तारापूरचे ३ आणि ४ क्रमांकाचे संच प्रत्येकी ५४० मेगावॅटचे. अणुभट्टीच्या पोटात ३९२ आडव्या नळ्या, त्यांतून जड पाणी (साध्या हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम असलेलं पाणी) खेळतं आणि भट्टी बंद न करता यंत्राने इंधन बदललं जातं. त्या उष्णतेची वाफ झाली की पुढचा सगळा मामला टर्बाइन, पंप, व्हॉल्व्ह, वेल्डिंग आणि कंट्रोल पॅनेलचा. म्हणूनच एनपीसीआयएल (अणुवीज केंद्रं चालवणारी सरकारी कंपनी) गेट या इंजिनिअरिंगच्या राष्ट्रीय परीक्षेच्या गुणांवर इंजिनिअर घेते तेव्हा जाहिरातीत मेकॅनिकल, केमिकल, इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स, इन्स्ट्रुमेंटेशन, सिव्हिल या शाखा असतात. अणुविज्ञान शिकवायला भाभा अणुसंशोधन केंद्राचं ट्रेनिंग स्कूल १९५७पासून आहेच. पदवीनंतर वर्षभराचा अभ्यासक्रम, प्रवेश ऑनलाइन परीक्षा किंवा गेट आणि मग मुलाखत. पदवीला किमान ६० टक्के लागतात. खुल्या गटाला वयोमर्यादा २६, तेव्हा ड्रॉप घेण्याआधी बोटांवर वर्षं मोजा.

एम.टेक.च करायचं तर आयआयटी कानपूरला न्यूक्लिअर इंजिनिअरिंग हा विषय जुना आहे. शुद्ध विज्ञानाची ओढ असेल तर मुंबईत कालिन्याला असलेल्या सीईबीएस या मूलभूत विज्ञानाच्या संस्थेसाठी नेस्ट ही प्रवेश परीक्षा द्या. डिप्लोमावाल्यांनी निराश होऊ नये, त्यांच्यासाठी प्रशिक्षणार्थी भरती वेगळी निघते.

तरीही खास न्यूक्लिअरचीच पदवी हवी असेल तर कॉलेज स्वतः बघून या. मागे एका पालकांबरोबर आम्ही असंच एक कॉलेज बघायला गेलो होतो. माहितीपुस्तिकेवर कूलिंग टॉवरचा झकास फोटो. लॅबमध्ये किरणोत्सर्ग मोजणारा एकच गायगर काउंटर, तोही धूळ खात पडलेला, सेल काढून ठेवलेले! कपाटाची किल्ली कोणाकडे, हे सांगायलाच पंधरा मिनिटं गेली. एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता आहे का, एनबीए या मूल्यांकन मंडळाचं मूल्यांकन त्या शाखेला आहे की दुसऱ्याच, आणि प्रमाणपत्रावर शाखेचं नाव नेमकं काय छापतात, हे लेखी मागा. ते नाव भरतीच्या जाहिरातीशी जुळवून बघा.

परदेशी शिकायचा विचार असेल तर, अमेरिकेत 'न्यूक्लिअर इंजिनिअरिंग' आणि 'न्यूक्लिअर इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी' या दोन निरनिराळ्या पदव्या आहेत. दुसरीचा कल प्रत्यक्ष संयंत्र चालवण्याकडे, आणि तिथल्या एबीईटी या मूल्यांकन संस्थेकडे दोन्हींचं मूल्यांकन वेगवेगळ्या आयोगांकडून होतं. तिथल्या या क्षेत्रातल्या बऱ्याच नोकऱ्यांना नागरिकत्वाची अट असते. कर्ज काढण्याआधी हे बघा.

भेटीला येताना सीईटीचं गुणपत्रक, जातीचा दाखला असल्यास तो, आणि कॅप राऊंडचा (केंद्रीय प्रवेश फेरीचा) कच्चा ऑप्शन फॉर्म सोबत आणा. मुलालाही आणा, नुसते पालक नकोत. आम्ही कोणत्याही कॉलेजकडून कमिशन घेत नाही.