पॅनकेक हा उपासाचा पदार्थ नाही

दर वर्षी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास एक संदेश फिरत येतो: ‘ख्रिस्ती लोक चाळीस दिवसांचा उपास पॅनकेक खाऊन करतात.’ आपल्याकडे साबुदाण्याची खिचडी असते, तेव्हा असा समज होणं साहजिकच आहे. पण प्रकार नेमका उलटा आहे.

पॅनकेकचं साहित्य बघा. मैदा, अंडी, दूध, वर तळायला लोणी. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये उपासकाळात मांसाबरोबर अंडी, दूध, लोणीही वर्ज्य होतं. घरातला साठा खराब होण्याआधी संपवायचा, म्हणून उपास सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, मंगळवारी पॅनकेक. म्हणजे आपली गटारीच म्हणा, फक्त गोडाची! फ्रेंचमध्ये तर या दिवसाचं नावच ‘मार्दी ग्रा’, शब्दशः ‘चरबीचा मंगळवार’. गोव्यातला कार्निव्हलही याच मंगळवारी संपतो.

खात्री कॅलेंडरवर करता येते. हा उपास ईस्टरच्या, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाच्या आधी असतो. 2024 मध्ये ईस्टर 31 मार्चला होता. 47 दिवस मागे मोजा, 13 फेब्रुवारी, मंगळवार येतो. उपास सुरू होतो दुसऱ्या दिवशी, राखेच्या बुधवारी. तिथून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत भरतात 46 दिवस. मग चाळीस कसे? मधले सहा रविवार उपासात धरत नाहीत.

आज बहुतेक चर्चमध्ये दूध-अंड्यांवर बंदी उरलेली नाही, त्यामुळे उपासकाळात कुणी पॅनकेक खाताना दिसलं तर त्यात वावगं काही नाही. प्रथा मात्र मंगळवारचीच.