होमबिल्ट विमानातलं एव्हिऑनिक्स वायरिंग

होमबिल्ट म्हणजे कारखान्यात न बनता गॅरेजात, शेडमध्ये नाहीतर भाड्याच्या हँगरमध्ये हौशी माणसाने स्वतः बांधलेलं विमान. त्यात रेडिओ, जीपीएस, ट्रान्सपाँडर (रडारला उत्तर देणारं यंत्र), स्क्रीन, ऑटोपायलट ही जी एव्हिऑनिक्स म्हणजे विमानातली इलेक्ट्रॉनिक मंडळी असतात त्यांच्या वायरी कुठून न्यायच्या, कशाला बांधायच्या आणि कशापासून जपायच्या हे काम पत्र्याच्या कामाइतकंच महत्त्वाचं आहे, पण एकदा पॅनल बंद झालं की ते कुणाला दिसत नाही म्हणून घाईत उरकलं जातं. या छंदाचं मोठं घर अमेरिका, तिथे १९५३ साली मिलवॉकीत पॉल पोबेरेझ्नी यांनी ईएए (एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन) ही हौशी विमान बांधणाऱ्यांची संघटना सुरू केली. आपल्याकडे कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं आणि २०१६ च्या मेक इन इंडिया सप्ताहात ते मुंबईकरांना बघायला मिळालं.

वायरीचा खरा शत्रू करंट नाही, घासणं आहे. इंजिन मिनिटाला अडीच हजार फेरे मारत असतं, सगळा सांगाडा सतत थरथरतो आणि ॲल्युमिनियमच्या रिबला (सांगाड्याच्या आतल्या आडव्या पट्टीला) पाडलेल्या भोकाची कड म्हणजे सुरीच, तिच्यावर वायर टेकलेली असेल तर आज ना उद्या इन्सुलेशन कापलं जाणारच. म्हणून भोकातून जाणाऱ्या जुडग्याला मधोमध धरून ठेवायचं, आणि कडेपासून ३/८ इंचापेक्षा कमी अंतर उरत असेल तर ग्रोमेट (भोकाच्या कडेवर बसणारं रबरी कडं) बसवायचाच. बांधायला रबराची गादी असलेले अॅडेल क्लॅम्प वापरतात, दोन क्लॅम्पमध्ये २४ इंचांपेक्षा जास्त अंतर नको, आणि मधे हाताने दाबलं तर वायर अर्धा इंचभर हलली तर ठीक, त्याहून जास्त झोका नको. हे आकडे अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामक संस्थेच्या एसी ४३.१३-१बी या पत्रकातले आहेत, हौशी बांधणाऱ्यांवर त्याची सक्ती नसली तरी बहुतेकजण तेच समोर ठेवतात आणि ठेवायलाच हवं.

झिप टाय सोपे पडतात पण करकचून ओढले की इन्सुलेशनमध्ये रुततात आणि कापलेलं टोक पुढे हात घालणाऱ्याला ओरबाडतं. मेण लावलेल्या दोऱ्याने गाठी मारत जुडगं बांधायची जुनी पद्धत वेळ खाते, पण वजनाला हलकी आणि वायरीला मऊ.

वायर कुठली घ्यायची यात कंजूषी करू नये. टेफझेल या उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकचं इन्सुलेशन असलेली वायर १५० अंश सेल्सियसपर्यंत टिकते, पातळ आणि हलकी असते, उलट दुकानात मिळणारी साधी पीव्हीसी वायर जळली की गुदमरवणारा आम्लधर्मी धूर सोडते आणि इवल्याशा कॉकपिटमध्ये तो सहन होण्यासारखा नसतो. तांबं अनेक तारांचंच हवं, एकच जाड तार थरथरीने तुटते. ठिणगी काय करू शकते हे २ सप्टेंबर १९९८ ला स्विसएअर १११ च्या अपघातात दिसलं, कॉकपिटच्या छताच्या वरच्या पोकळीत वायरीत आर्किंग होऊन (ठिणग्या उडून) आग लागली असावी आणि आजूबाजूच्या इन्सुलेशनच्या आवरणाने ती पसरवली असा तपासाचा निष्कर्ष होता, २२९ माणसं गेली. ते प्रवासी जेट होतं, पण वायर कशाशेजारी आहे हा प्रश्न दोन सीटच्या विमानातही तोच.

म्हणून इंधनाच्या नळीच्या वरून वायर न्यायची, खालून कधीच नाही, कारण गळालेलं पेट्रोल खालीच पडतं. जमेल तितकं अंतर ठेवायचं, ६ इंच मिळत नसेल तर दोघांना एकाच सांगाड्याला असं पक्कं करायचं की एकमेकांकडे सरकणार नाहीत. कंट्रोल केबलपासून ३ इंच दूर, तेवढी जागा नसेल तर मधे आडोसा हवाच, कारण स्टिकच्या केबलमध्ये वायर अडकली तर पुढचं सांगायला नको. फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि कॉकपिट यांच्यामधल्या आगरोधक भिंतीतून, जाताना नुसता रबरी ग्रोमेट चालत नाही, आग लागली की तो पहिला वितळतो आणि भोक उघडं पडतं, तिथे स्टीलची फिटिंग, वर फायरस्लीव्ह (आग सोसणारं वेष्टण) आणि आग सोसणारं सीलंट लागतं.

फ्यूज किंवा ब्रेकर उपकरणासाठी नसतो, वायरीसाठी असतो, हे नवख्यांना पटायला वेळ लागतो. गेजचा आकडा जितका मोठा तितकी वायर बारीक, म्हणून २२ गेजच्या वायरीला ५ अँपिअर, २० ला साडेसात, १८ ला १०, आणि तो जिथून वीज निघते तिथे जवळच बसवायचा, नाहीतर मधला तुकडा उघडाच राहतो.

मग हेडफोनमधली घरघर. स्ट्रोब (लुकलुकणारा दिवा) आणि अल्टरनेटर (इंजिनावर चालणारं वीज बनवणारं यंत्र) यांच्या वायरी मायक्रोफोनच्या वायरीपासून लांब ठेवायच्या, शील्ड म्हणजे वायरीवरची धातूची जाळी एकाच टोकाला ग्राउंड करायची आणि सगळे ग्राउंड एका जागी आणायचे. फायबरच्या विमानात सांगाडा वीज वाहत नाही म्हणून परतीची वायरही न्यावी लागते, ती जाणाऱ्या वायरीबरोबर पीळ देऊन नेली की कंपासही हलत नाही.

अँटेनाची कोॲक्स केबल (मधे तार आणि भोवती धातूची जाळी असलेली) कोपऱ्यावर दुमडू नये, आतली तार बाजूला सरकून रेडिओ कमजोर होतो. आणि पॅनलच्या मागे प्रत्येक उपकरणाला थोडी सैल वायर ठेवायची, म्हणजे डबा बाहेर ओढून पिना तपासता येतात, दोन्ही टोकांना लेबल लावायचं, आणि पत्रा रिवेट करायच्या आधी आतल्या सगळ्या वाटांचे फोटो काढून ठेवायचे.