मज्जारज्जूवर विजेचे स्पंद आणि चेतांची जुनाट वेदना

बोट भाजल्यावर होणारी वेदना आणि कण्याची शस्त्रक्रिया होऊन गेल्यानंतर वर्षानुवर्षे पायात जळजळत राहणारी वेदना या मुळातच भिन्न आहेत. पहिलीत चेतातंतू आपले काम चोख करतात आणि इजेची खबर मेंदूला देतात. दुसरीत इजा खुद्द चेतातंतूंनाच झालेली असते, त्यामुळे जखम नसतानाही ते संदेश पाठवत राहतात. हा मारा दीर्घकाळ चालला की मज्जारज्जूतील पुढच्या चेतापेशी इतक्या संवेदनशील होतात की अंगावरच्या चादरीचा स्पर्शही काही रुग्णांना असह्य होतो. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांचा येथे फारसा उपयोग होत नाही. अपस्मार किंवा नैराश्यासाठी तयार झालेली काही औषधे दिली जातात, पण त्यांनीही अनेकांना पुरेसा आराम पडत नाही. अशा निवडक रुग्णांच्या मज्जारज्जूला विजेचे सौम्य स्पंद देण्याचा उपचार गेली पन्नासहून अधिक वर्षे केला जात आहे.

त्यामागची कल्पना वेदनेचे अभ्यासक रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडली. ठेच लागली की आपण ती जागा नकळत चोळतो आणि कळ थोडी कमी होते. स्पर्शाचे संदेश नेणारे तंतू जाड असतात, त्यांच्यावर मायलिनचे वेष्टन असते आणि त्यांतून संदेश सेकंदाला ३५ मीटरहून अधिक वेगाने धावतो. जळजळीची वेदना नेणारे बारीक, वेष्टन नसलेले तंतू मात्र सेकंदाला जेमतेम दोन मीटरपर्यंतचा वेग गाठतात. दोन्ही प्रकारचे संदेश मज्जारज्जूच्या मागच्या बाजूच्या करड्या भागात पोहोचतात. तेथे जाड तंतू काही निरोधक चेतापेशींना जागे करतात आणि त्या पेशी वेदनेचा संदेश पुढे जाऊ देत नाहीत. या नियंत्रणाला मेल्झॅक आणि वॉल यांनी दरवाजाची उपमा दिली. त्यांच्या मांडणीतले काही तपशील पुढे चुकीचे ठरले, तरी वेदनेच्या तीव्रतेत मज्जारज्जूच फेरफार करतो हा तिचा गाभा टिकून राहिला.

जाड तंतूंना विजेने चेतवून हा दरवाजा मुद्दाम बंद करता येईल का, हा प्रश्न ओघानेच आला. अमेरिकी शल्यचिकित्सक नॉर्मन शीली यांनी १९६७ मध्ये कर्करोगाच्या वेदनेने त्रस्त असलेल्या एका रुग्णाच्या मज्जारज्जूवर इलेक्ट्रोड बसवून तो प्रयोग केला. जागेची निवड मार्मिक होती. स्पर्शाचे जाड तंतू मज्जारज्जूच्या मागच्या भागातून जुडीने वर जातात, त्यामुळे तेथे दिलेला एक स्पंद शरीराच्या मोठ्या भागातून येणाऱ्या तंतूंना एकाच वेळी चेतवतो. हा स्पंद वर मेंदूकडे जातो, तसाच उलट दिशेने खाली येऊन तंतूंच्या शाखांमधून करड्या भागातही शिरतो, आणि वेदनाशमनाचे बरेचसे काम तेथे होते. चेतांना इजा झालेल्या उंदरांमध्ये त्या भागातील ‘गाबा’ या निरोधक रसायनाचे प्रमाण घटलेले आढळते आणि अशा उत्तेजनाने ते पुन्हा वाढते. शिवाय मस्तिष्कस्तंभातून खाली येणारे, वेदनेला आवर घालणारे मार्गही सक्रिय होतात.

मला यातली सर्वांत बोलकी बाब वेगळीच वाटते. यंत्र चालू असताना रुग्णाला सुई टोचली तर ती नेहमीसारखीच दुखते. म्हणजे हा उपचार वेदनेची वाट सरसकट अडवत नाही. अतिसंवेदनशील झालेल्या पेशींचा गोंगाट तो शमवतो आणि धोक्याची सूचना देणारी वेदना शाबूत ठेवतो. मूळ इजा मात्र बरी होत नाही.

प्रत्यक्षात सुईवाटे एक बारीक तार मणक्यांच्या आत, पण मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर सरकवतात. आधी काही दिवस बाहेरच्या यंत्राने चाचणी घेतात. वेदना साधारण निम्म्याने उतरली, तरच पेसमेकरसारखे यंत्र कमरेजवळ किंवा पोटावर त्वचेखाली बसवतात. तार जागेवरून सरकणे आणि जंतुसंसर्ग होणे हे यातले ठळक धोके आहेत.

जुन्या पद्धतीत सेकंदाला ४० ते ६० स्पंद देत आणि दुखऱ्या भागात मुंग्या आल्या म्हणजे तार योग्य जागी आहे असे मानत. पुढे सेकंदाला १०,००० स्पंद देणारी पद्धत आली. तीत मुंग्या येतच नाहीत, तरीही अनेकांची वेदना उतरते. जाड तंतू चेतवून दरवाजा बंद होतो एवढ्या स्पष्टीकरणात ही गोष्ट बसत नाही. आणखी नवी यंत्रे प्रत्येक स्पंदाला मज्जारज्जूने दिलेला प्रतिसाद मोजतात. खोकताना किंवा कूस बदलताना तार आणि मज्जारज्जू यांतील अंतर बदलते, तेव्हा ही यंत्रे विजेची मात्रा आपोआप जुळवून घेतात.

गुण किती येतो याबाबत पुरावा एकमुखी नाही. शस्त्रक्रियेनंतरही पाय दुखत राहिलेल्या १०० रुग्णांच्या २००७ मधील अभ्यासात, सहा महिन्यांनी पायाची वेदना निम्म्याने किंवा अधिक घटलेल्यांचे प्रमाण उत्तेजन घेणाऱ्यांत ४८ टक्के, तर फक्त नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ९ टक्के होते. पण मुंग्या येत असल्या की यंत्र चालू आहे हे रुग्णाला कळतेच, त्यामुळे अशा अभ्यासांत अपेक्षेचा प्रभाव वेगळा काढता येत नाही. मुंग्या न येणारी एक पद्धत वापरून नॉर्वेत ५० रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खऱ्या आणि खोट्या (म्हणजे यंत्र बसवूनही वीज न देता केलेल्या) उत्तेजनात लक्षणीय फरक दिसला नाही. म्हणून चाचणीच्या काही दिवसांत आलेला गुण पाहताना वेदनेचा आकडा किती उतरला एवढेच न विचारता, रुग्णाची झोप, चालणे आणि औषधांची गरज यांत काय बदल झाला हेही डॉक्टरांनी आणि रुग्णाने मिळून तपासायला हवे.