पंचकोश

पंचकोश : माणूस ज्याला ‘मी’ म्हणतो त्याची पाच पातळ्यांवर केलेली उकल. अन्नमय, प्राणमय, मनोमय, विज्ञानमय व आनंदमय असे हे पाच कोश, म्हणजे आवरणे, होत. वेदान्तात ती आत्मविचाराची रीत आहे. आजच्या योगवर्गांत मात्र तिच्याकडे साधनेच्या पायऱ्या म्हणून पाहतात.

या कल्पनेचे मूळ कृष्ण यजुर्वेदातील तैत्तिरीय उपनिषदाच्या ब्रह्मानंदवल्ली या भागात आहे. तेथे या पाचांना कोश नव्हे, आत्माच म्हटले आहे. अन्नरसाच्या देहाहून निराळा, त्याच्या आतला आत्मा प्राणमय, त्याच्याही आतला मनोमय, असा हा क्रम जातो. प्रत्येकाला पक्ष्याचे रूप दिले आहे : डोके, दोन पंख, धड आणि आधाराचे शेपूट. प्राणमयाचे डोके प्राण, पंख व्यान आणि अपान हे प्राणाचेच प्रकार. मनोमयाचे डोके यजुस्, पंख ऋक् आणि साम. विज्ञानमयाचे डोके श्रद्धा, पंख ऋत आणि सत्य, तर धड चक्क योग.

एकात एक पाच वर्तुळे काढून कोश दाखवण्याची पद्धत रूढ आहे. ती समजायला सोपी, पण मूळ वर्णनाशी विसंगत. ‘तेनैष पूर्णः’, म्हणजे आतल्याने बाहेरचा भरलेला आहे, असे उपनिषद सांगते. प्राण देहाच्या गाभ्यात कुठेतरी दडलेला नसतो. तो देहभर असतो आणि देहाचाच आकार घेतो. पुढच्या कोशांचेही तसेच.

याच उपनिषदाच्या भृगुवल्लीत हाच प्रवास कथारूपाने येतो. भृगू आपला पिता वरुण याला ब्रह्म काय ते विचारतो. वरुण ब्रह्माची खूण सांगतो आणि तप करायला धाडतो. अन्न हेच ब्रह्म असे भृगूला आधी वाटते. मग प्राण, मन, विज्ञान असे करत तो आनंदापाशी पोहोचतो.

उत्तरकालीन वेदान्ताने कोशांची तीन शरीरांशी सांगड घातली. अन्नमय म्हणजे स्थूलशरीर, मधले तीन मिळून सूक्ष्मशरीर आणि आनंदमय म्हणजे कारणशरीर. विद्यारण्यांच्या ‘पंचदशी’चे तिसरे प्रकरण पंचकोशविवेकालाच वाहिलेले आहे.

खरा वाद आहे तो पाचव्यावर. ‘आनन्दमयोऽभ्यासात्’ (वारंवार उल्लेख येतो म्हणून आनंदमय हेच ब्रह्म) या ब्रह्मसूत्राच्या (१.१.१२) आधारे रामानुज आनंदमयालाच ब्रह्म मानतात. शंकराचार्यांच्या मते तोही एक कोशच. ब्रह्म त्याच्या पलीकडचे, त्याला आधार देणारे, कारण आनंदमयाच्या पक्षिरूपाविषयी ‘ब्रह्म पुच्छं प्रतिष्ठा’, म्हणजे ब्रह्म हे त्याचे शेपूट, त्याचा आधार, असे श्रुतीच म्हणते. गाढ झोपेतले सुख आनंदमय कोशाचे, पण तेथे अज्ञान शिल्लक असते, अशी अद्वैत्यांची, म्हणजे शंकराचार्यांच्या परंपरेची, मांडणी आहे.

पतंजलीच्या योगसूत्रांत पंचकोशांचा उल्लेख नाही. या सूत्रांची मांडणी चित्त, वृत्ती आणि द्रष्टा पुरुष यांच्याभोवती फिरते. आसने अन्नमयासाठी, प्राणायाम प्राणमयासाठी, ध्यान मनोमयासाठी ही वाटणी आधुनिक काळातील योगशिक्षकांची आहे. अध्यापनाला ती उपयोगी पडते, मात्र तिला प्राचीन म्हणता येत नाही. बंगळुरू येथील स्वामी विवेकानंद योग अनुसंधान संस्थानाने याच चौकटीवर योगोपचाराची पद्धत उभी केली. तिच्यात काही विकारांचे मूळ मनोमय कोशातील ‘आधी’त, म्हणजे मानसिक क्षोभात, मानतात, तो क्षोभ प्राणमयातून उतरत देहात व्याधी होऊन प्रकटतो.