गोशॉकच्या पिसातला पारा

शेतात वापरलेला पारा पक्ष्यांच्या अंगात कसा उतरतो, याचा पहिला पक्का पुरावा संग्रहालयातल्या पेंढा भरलेल्या पक्ष्यांनी दिला. गोष्ट स्वीडनची आहे.

१९४०च्या दशकात तिथं पेरणीआधी बियाण्याला मिथिल पाऱ्याचं (पाऱ्याच्या कार्बनी संयुगाचं) बुरशीनाशक लावायची पद्धत रुजली. बियाणं कुजायचं थांबलं, शेतकरी समाधानी होते. पुढच्या दशकात मात्र शेतांच्या आसपास फेजंट (कोंबडीच्या जातकुळीतले रानपक्षी), कबुतरं, भारीट कुळातले लहान पक्षी मरून पडलेले दिसू लागले. पशुवैद्यक कार्ल बोर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा पक्ष्यांची यकृतं, मूत्रपिंडं तपासली आणि त्यांत पारा निघाला. दाणे टिपणाऱ्यांच्या पोटात तो जाणार, हे समजण्यासारखं होतं. पण दाण्याला चोचही न लावणारी शृंगी घुबडं आणि गोशॉक (आपल्या शिक्र्याचा थोराड भाऊबंद) यांच्यातही पारा होता. त्यांनी तो आपल्या शिकारीतून घेतला होता.

मिथिल पारा शरीरातल्या प्रथिनांना घट्ट चिकटतो आणि फार सावकाश बाहेर पडतो. त्यामुळे दाणा, दाणा खाणारा, त्याला खाणारा अशी प्रत्येक पायरी चढताना तो साचत जातो. पक्ष्याची त्यातून थोडी सुटका होते ती पिसांमुळे. पीस वाढत असतं तेव्हा रक्तातला पारा त्यातल्या केराटिन या प्रथिनात अडकतो; वाढ पूर्ण झाली की रक्तपुरवठा बंद होतो आणि त्या वेळचा पारा तिथंच राहतो, शंभर वर्षं झाली तरी.

इथंच संशोधकांना वाट सापडली. संग्रहालयांत जपलेल्या गोशॉकची पिसं काढून त्यांतला पारा मोजला गेला. १८४०पासून १९४०पर्यंत प्रमाण जवळजवळ सारखंच होतं. त्यानंतर ते एकदम दहा ते वीस पटींनी चढलं, आणि तो काळ बीजप्रक्रियेच्या काळाशी तंतोतंत जुळला. हा अभ्यास १९६६मध्ये छापून आला. त्याच वर्षी स्वीडननं मिथिल पाऱ्याची बीजप्रक्रिया थांबवली आणि पुढे गोशॉकच्या पिसांतला पारा उतरला. एका पिसावरून इतका स्वच्छ निकाल क्वचितच मिळतो.

हाच पारा माणसांच्या ताटातही गेला. १९७१-७२मध्ये इराकमध्ये लोकांनी पेरणीसाठी आलेल्या, पारा लावलेल्या गव्हाच्या भाकऱ्या केल्या. दाणे धुतल्यावर रंग गेला, तसं विषही गेलं असं वाटलं. पारा गेला नव्हता. ६,५३० जण रुग्णालयात दाखल झाले, ४५९ दगावले.

बियाण्याशिवायही पारा शिवारात येतो. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या साऊथ रिव्हर या नदीत १९२९ ते १९५० या काळात एका कारखान्यातून पारा गेला होता. २००८मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं की काठावरच्या, मासे न खाणाऱ्या गाणाऱ्या पक्ष्यांच्या रक्तातही भरपूर पारा आहे. तो आला होता मुख्यतः कोळ्यांमधून. कोळी स्वतः शिकारी, म्हणजे तो खाणारा पक्षी शिडीवर आणखी एक पायरी वर जातो. जाळं विणून बसलेला एवढासा जीव नदीचा गाळ आणि झाडावरचं घरटं जोडतो, हे मला या साऱ्या इतिहासातलं सर्वात अस्वस्थ करणारं सत्य वाटतं. भातखाचरांत धोका वेगळाच आहे: साचलेल्या पाण्याखालच्या चिखलातले जिवाणू साध्या पाऱ्याचाही मिथिल पारा करतात.

स्वीडननं मिथिल पाऱ्याच्या जागी त्यातल्या त्यात कमी घातक म्हणून मेथॉक्सिइथाइल पारा वापरात आणला होता. त्याच जातीच्या पाऱ्याचं औषध आपल्याकडे ऊस आणि बटाट्याच्या बेण्याला वापरलं जायचं. लागणीआधी उसाची टिपरी त्याच्या द्रावणात बुडवत, कित्येकदा उघड्या हातांनी. भारतात त्यावर बंदी आली २०१८मध्ये. स्वीडनसारखेच जुने पक्षी मुंबईत बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) संग्रहातही जपलेले आहेत; त्यांच्या पिसांतूनही असाच इतिहास वाचता येऊ शकेल.