‘४०१’ दिसला की आधी वेळ तपासा
टर्न सेवेच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

आम्हाला सगळ्यात जास्त फोन येतात ते एकाच तक्रारीचे : ‘ऑफिसात कॉल लागतो, पण क्लायंटकडे डेमोला गेलो की समोरचा दिसतच नाही. तुमचा सर्व्हर बंद आहे का?’ सर्व्हर चालू असतो. मुदत संपलेली असते ती पासवर्डची, आणि बहुतेक वेळा तो तयार होतानाच संपलेली असते. ‘४०१’ म्हणजे ‘ओळख पटली नाही’ असं सांगणारा सर्व्हरचा कोड.

ऑफिसात हे कळत नाही, कारण दोन्ही लॅपटॉप एकाच वाय-फायवर असले की ते एकमेकांशी थेट बोलतात. रिले, म्हणजे एकाकडचा कॉल दुसऱ्याकडे पोचवणारा आमचा टर्न सर्व्हर, लागतच नाही, त्यामुळे पासवर्ड चुकीचा असला तरी काही अडत नाही. क्लायंटच्या फायरवॉलमागे थेट वाट बंद होते, तेव्हा कुठे आमच्या सर्व्हरचं काम सुरू होतं. नेमकी तिथेच, चारचौघांसमोर चूक उघडी पडते.

नोंदणीच्या वेळी आम्ही तुम्हाला एक गुप्त किल्ली देतो. तिच्यावरून तुमचा सर्व्हर प्रत्येक कॉलसाठी नवं नाव आणि पासवर्ड बनवतो. नावात आधी मुदत संपण्याची वेळ, मग कोलन, मग तुमच्याकडचा वापरकर्ता क्रमांक. हे नाव किल्लीसकट एचमॅक-शा१ (किल्ली वापरून सही बनवणारं सूत्र) मधून काढून बेस६४ केलं, म्हणजे साध्या अक्षरांत लिहिलं, की पासवर्ड झाला. आमच्याकडे हीच आकडेमोड पुन्हा होते आणि उत्तर जुळलं तरच दार उघडतं.

घोळ होतो तो वेळेत. ही वेळ म्हणजे १ जानेवारी १९७० च्या ग्रीनिच मध्यरात्रीपासून मोजलेले सेकंद. उदाहरणार्थ, १७६७२२५६०० म्हणजे १ जानेवारी २०२६, आपल्याकडे पहाटेचे साडेपाच. त्या क्षणी पुण्यातही हाच आकडा असतो आणि लंडनमध्येही. पीएचपीतलं टाइम() तोच देतं. पण ‘आपण साडेपाच तास पुढे आहोत’ हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं, म्हणून बरेच जण त्यातून १९,८०० सेकंद वजा करतात. मग तासाभराच्या मुदतीचा पासवर्ड हातात येतो तोच साडेचार तास शिळा. उलट कुणी १९,८०० मिळवले तर कॉल लागतो आणि कुणाला शंकाही येत नाही. पण तासाभराचा पासवर्ड साडेसहा तास चालत राहतो, तेही बरं नाही.

तेव्हा टाइम() मध्ये फक्त मुदत मिळवा. एका तासासाठी ३६००, बस. जावास्क्रिप्टमधलं डेट.नाऊ() मिलिसेकंद देतं, त्याला हजाराने भागून अपूर्णांक सोडून द्या. आकडा दहा अंकी हवा. तेरा अंकी दिसला तर भागायचं राहिलं आहे. सर्व्हरचं घड्याळ एनटीपीशी (नेटवर्कवरून अचूक वेळ देणारी व्यवस्था) जोडलेलं ठेवा.

डेमोला निघण्याआधी पाच मिनिटं काढून एक चाचणी करा. कोडमध्ये आइसट्रान्सपोर्टपॉलिसीला (कॉल कोणत्या वाटेने जावा हे ठरवणारी सेटिंग) ‘रिले’ ही किंमत द्या आणि ऑफिसातच कॉल लावा. थेट वाट बंद असल्याने सगळं आमच्यामार्फतच जाईल. कॉल लागला तर पासवर्ड बरोबर आहे. नाही लागला तर आइसकँडिडेटएरर, म्हणजे ब्राउझरने दिलेला चुकीचा संदेश, काय सांगतो ते बघा. ७०१ असेल तर ब्राउझर आमच्यापर्यंत पोचलेलाच नाही, फायरवॉल तपासा. ४०१ असेल तर पोचला, पण पासवर्ड नाकारला गेला. वायरशार्क (नेटवर्कवरची ये-जा दाखवणारा प्रोग्रॅम) लावणाऱ्यांसाठी एक गोष्ट : तिथे दिसणारं पहिलं ४०१ ही चूक नव्हे. टर्नमध्ये पहिली विनंती पासवर्डशिवाय जाते, आणि पासवर्ड पाठवण्यासाठी लागणारी सर्व्हरची माहिती, म्हणजे रेल्म व नॉन्स, त्या ४०१ सोबतच येते. दुसऱ्यांदा ४०१ आलं तरच काळजी करा.

‘एवढं करण्यापेक्षा वर्षभराचा एकच पासवर्ड द्या ना’, असंही विचारलं जातं. आम्ही तो देत नाही. पासवर्ड ब्राउझरपर्यंत जातो, म्हणजे पान उघडणाऱ्या कुणालाही तो वाचता येतो. एका बाजूचा व्हिडिओ १ एमबीपीएस धरला तरी दोन्ही बाजूंचे मिळून तासाला ९०० एमबी होतात. परक्या माणसाने तुमच्या पासवर्डवर कॉल चालवले, तर तो वापर तुमच्या खात्यावर चढेल. तासाभरात मरणारा पासवर्ड चोरून फारसं काही हाती लागत नाही. शा१ जुना झाला म्हणून ऑडिटवाले हरकत घेतात, त्यांना सांगा की शा१ मधला टक्करींचा (दोन वेगळ्या मजकुरांचं उत्तर एकच येण्याचा) दोष एचमॅकला लागू होत नाही.

ही आकडेमोड स्वतः करायची नसेल, तर आमची तयार एपीआय घ्या. तुमचा सर्व्हर विचारतो, आमचा नाव-पासवर्ड देतो. वेळ आमच्याच घड्याळाची असल्याने १९,८०० चा प्रश्नच उरत नाही. दर सोबतच्या पत्रकात आहे. जुन्या ग्राहकांना जोडणी आम्ही स्वतः करून देतो.

अडलं तर जरूर फोन करा. तयार झालेलं पूर्ण नाव आणि कॉल कधी लावला ती वेळ सांगितलीत की आम्हाला लॉगमध्ये लगेच सापडतं. गुप्त किल्ली मात्र व्हॉट्सॲपवर पाठवू नका, ती आमच्याकडे आहेच. चुकून कुठे गेली असेल तर त्याच दिवशी कळवा, आम्ही नवीन देऊ.