पिन बदलली म्हणजे व्होल्टेज बदलत नाही

‘अमेरिकेहून आणलेल्या यंत्राला पिनचा अडॅप्टर लावला की ते इथे चालतं,’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. अडॅप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो. तिकडे वीज १२० व्होल्टची, आपल्याकडे २३०ची. तापणाऱ्या वस्तूला जवळपास दुप्पट व्होल्टेज मिळालं की उष्णता साडेतीन पटींवर जाते, ती जळणारच.

यंत्रामागची पट्टी वाचा. ‘१००-२४०’ असेल तर निर्धास्त लावा. नुसतं ‘१२०’ असेल तर २३०चे १२० करणारा ट्रान्सफॉर्मर हवाच, तोही यंत्रापेक्षा जास्त वॅटचा.

आपल्या विदर्भातल्या गावांत आणखी एक पाहावं लागतं. शेतातले पंप सुरू झाले की लाइन १८०वर येते, मग ट्रान्सफॉर्मरमधूनही ९४च निघतात. म्हणून त्याच्या आधी स्टॅबिलायझर लावा. आधी गावच्या वायरमनकडून मीटरवर व्होल्टेज मोजून घ्या, पंप चालू असताना आणि बंद असतानाही.